पहिली रोटी मडक्याची

लग्न होऊन मी खाप्याहून नागपूरला आले तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. उत्तर नागपुरातली आमची वस्ती, आणि पाहुणा आला की घरोघरी लांब रोटी. चुलीवर मडकं पालथं घालायचं, सैल भिजवलेली कणिक आपटून आपटून लवचीक करायची, मग दोन्ही हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत लांबवून मडक्यावर टाकायची. माझ्या माहेरी साध्या पोळ्या होत.

तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला मडक्यापुढे बसवलं. शेजारच्या बाया अंगणात पाहत बसल्या होत्या. माझी रोटी मडक्यावर पडली तीच मधोमध फाटून. बाया खदखदून हसल्या. सासूबाईंनी ती ओढून काढली आणि दारच्या बकरीपुढे टाकली. मी उठले, हात धुतले आणि खोलीत जाऊन बसले.

त्यानंतर नऊ वर्षं मी मडक्याला हात लावला नाही; ते चुलीवर चढलं की मी तिथे थांबतच नसे. शाळेत शिकवत होते, तोंडाची तिखट होते, नवऱ्यालाही सोडत नव्हते; पण रोटीचा विषय निघाला की माझी वाचा बसायची. आपण बकरीच्या लायकीची सून, हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की पाढ्यासारखं पाठ झालं होतं. सासूबाई माझ्याशी मोजकंच बोलायच्या, तेही मी त्याचाच पुरावा मानलं.

मग शेजारी नवी सून आली. तिची पहिली रोटी आमच्याच अंगणात, आमच्याच मडक्यावर, तशीच फाटली. बाया तशाच हसल्या. सासूबाईंनी ती तशीच बकरीला टाकली. ती पोर मात्र जागची हलली नाही. तिच्या हातावर पुढचा गोळा ठेवत सासूबाई म्हणाल्या, "पहिली मडक्याची असते वं. सगळ्यांचीच फाटते. आता दुसरी टाक."

मडकं किती तापलं ते पहिल्या रोटीवरून कळतं आणि ती बकरीचीच, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, असं मी म्हणणार होते. खरं म्हणजे ऐकायला मी थांबलेच नव्हते. स्वतःचा भयंकर राग आला, आणि मागोमाग हसूही.

पुढच्या रविवारी मी आपणहून चुलीपाशी बसले.

"काहून वं, आज कशी बसली?" सासूबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं, बकरीसकट. त्यांनी चुलीतली लाकडं पुढे सारली.

"मले वाटे, मास्तरीणबाईले आमच्या मडक्याची लाज वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणून मी तुले बोलावलंच नाही."

एकाच चुलीशी आम्ही दोघी नऊ वर्षं दोन गोष्टी उराशी धरून वावरलो, आणि दोन्ही खोट्या. आता मन माझ्याविषयी वाईटसाईट सांगू लागलं की मी त्याला ठणकावून विचारते, दुसरी टाकून पाहिलीस का? बहुतेक वेळा टाकलेली नसते. टाकली की जीव शांत होतो, हा माझा अनुभव आहे.

त्या रविवारी माझी पहिली फाटलीच. ती मी स्वतः नेऊन बकरीला घातली. परत आले तर सासूबाई दुसरा गोळा हातावर घेऊन माझी वाट पाहत होत्या.