ताईच्या बधिर बोटांवरचा इलाज

केमोचा शेवटचा डोस झाला तेव्हा आम्हाला वाटलं, ताई सुटली. छातीतली गाठ काढून झाली होती, डोक्यावर नवे केस दिसायला लागले होते. ती रोहण्याला आपल्या घरी परत गेली आणि पंधराएक दिवसांनी तिचा फोन आला.

"बापू, मले मेथीची जुडी बांधता येऊन नाई राह्यली."

ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. मला तिनंच वाढवलं, शिकवलं. आमच्या शेतातल्या वाडीतली भाजी ती स्वतः बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता, नुसत्या बोटांनी किडकं वांगं बाजूला काढायची. आता तिच्या हातातून जुडी सुटून जायची आणि तिला कळायचंही नाही. पायातली चप्पल मागे राहिली तरी चार पावलं पुढं जायची.

औषधानं नसांना इजा झाली, असं दवाखान्यात सांगितलं. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी तिला नुसती गुंगी यायची. मग तिथल्याच एका डॉक्टरांनी ॲक्युपंक्चरचं नाव काढलं. मी ताईला पिपरी मेघेला माझ्या घरी आणलं.

ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "ताई, हा कॅन्सरवरचा इलाज नाही," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "बधिरपणा काहींचा कमी होतो, काहींचा नाही. दहा वेळा करून बघू."

अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटाच्या वर, गुडघ्याखाली, पायाच्या बोटांमध्ये त्यांनी केसासारख्या बारीक सुया लावल्या. प्रत्येक सुई चिमटीत हलकेच फिरवत त्या विचारायच्या, "जड वाटतं का?" गुडघ्याखाली ताईला कळायचं. बोटांशी आल्यावर ती माझ्याकडं बघायची.

तिसऱ्या वेळेनंतर ऑटोत बसताना मी विचारलं, "फरक वाटते का?"

"वाटते ना. अंगठ्याले थोडं समजून राह्यलं."

मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. पुढच्या वेळी मधलं बोट, त्याच्या पुढच्या वेळी तळवा. मी रोज विचारायचो आणि ती रोज थोडं वाढवून सांगायची. रोहण्याला परत जाऊन वाडीत कोथिंबीर पेरायचं आम्ही ठरवूनही टाकलं.

आठवी वेळ होऊन गेली होती. सकाळी माझी बायको पोळ्या करत होती, ताई शेजारी उभी राहून तिच्याशी बोलत होती. बायको एकदम ओरडली. ताईनं बोलता बोलता तव्याच्या कडेवर हात टेकला होता. कातडी जळाल्याचा वास आम्हाला दुसऱ्या खोलीत आला, आणि ताई विचारत होती, "काय झालं?"

मी तिचा हात नळाखाली धरला. "तुले तर समजत होतं ना?"

तिनं पाण्याखालच्या हाताकडं पाहिलं.

"मग काऊन तसं सांगत होती?"

"तू विचारे तवा तुह्या तोंडाकडं पाह्यवत नव्हतं," ती म्हणाली. "अन् तिथं झोपलं का ती बाई माहा हात हातात घेते. मले लागत नाई, पण दिसते ना. कोणी माह्या हाताले असं धरलंच नाई कधी."

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "चूक माझी आहे. मी नीट तपासायला हवं होतं," म्हणाल्या. त्यांनी कापसाचा बोळा घेतला. "डोळे मिटा, ताई. कापूस लागला की हो म्हणा."

त्यांनी अंगठ्यावरून कापूस फिरवला. ताई गप्प. करंगळीवरून फिरवला. गप्प. मग त्यांचा हात कापसासकट हवेत नुसताच थांबून राहिला, आणि ताई म्हणाली, "हो." थोड्या वेळानं पुन्हा, "हो."

मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

राहिलेल्या दोन वेळा झाल्याच नाहीत. भाजल्याची जखम भरायला महिना गेला आणि तोवर तिची कंबर दुखायला लागली. रोग पाठीच्या मणक्यात उतरला होता. दवाखान्यानं सांगितलं, आता फक्त दुखणं कमी करायचं.

एक दिवस ती म्हणाली, "त्या मॅडमकडं नेतं का एकदा?"

मी फोन केला. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवायला सांगितला. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. सुई टोचली तर रक्त थांबणार नाही, त्या म्हणाल्या. मी ताईला तसं सांगितलं. "बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं त्याच बाईंचा पत्ता माझ्याकडून घेतला. त्याच्या आईचे गुडघे दुखायचे. परवा तो आनंदानं सांगत आला, आई आता जिना चढते, रात्रीची झोपही लागते. चांगलं झालं, असं मी म्हणायला हवं होतं. मी समोरची फाइल उघडली आणि तो जाईपर्यंत मान वर केली नाही.