घाण्याचं तेल आणि दादाची मोटार

१९५८ सालच्या महाशिवरात्रीचा आदला दिवस. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन महिना उलटला होता आणि वहिनीनं सांगितलं म्हणून मी सेलूला त्याच्या मोटारखान्यातले गंजके डबे बाहेर काढत होते. तेवढ्यात दादाचा मुलगा वसंता तपेली घेऊन आला आणि त्या लाल दोन माणसांच्या गाडीत पिवळंधमक तेल ओतू लागला. दोन लेकरांचा बाप झालेला माणूस.

"काय ओततोस रे?"

"ब्रेकचं तेल, आत्या. करडईचं. आपल्याच घाण्याचं हाय. उद्या पटावर गाडी पळवायलोय, बाबांच्या आठवणीत."

हात पुसून मी बाजल्यावर बसले. शोकसभेत सगळं गाव रडलं होतं... असा हौशी माणूस पुन्हा होणे नाही म्हणून. ती हौस मी जवळून पाहिली आहे. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादचा कुणी नवाबजादा सामान विकून निघाला, त्याच्याकडून दादानं ही गाडी घेतली. शर्यतीची गाडी, पण शर्यत कुठं लावायची? मग जत्रेतला शंकरपट आटोपला की बैलांच्या त्याच पट्ट्यावर हा गॉगल लावून गाडी उधळायचा. हॉर्न दोनदा बदलला, गाद्यांना मखमल लावली. ब्रेकचा विषय काढला की तोंड आंबट. परभणीला आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळं एवढं मला कळत होतं की ब्रेकच्या नळीत खायचं तेल घातलं की आतलं रबर फुगतं आणि कुजतं. मी सांगितलं. दादा हसला. "अगं, घरी घाणा असताना डब्यातलं तेल इकत आणू? लोकं थुंकतील तोंडावर!" तेल म्हणजे आपल्या घाण्याचं, बाकी सगळी भेसळ, अशी आमच्या घराची मिजास. ती त्यानं मोटारीलाही पाजली.

अशाच एका जत्रेत पायाखालचा ब्रेक तळाला गेला. गाडी पट्टा ओलांडून थेट कडब्याच्या गंजीत घुसली. त्याच गंजीच्या सावलीत जरा वेळापूर्वी एक धनगरीण लेकराला पाजत बसली होती. मेंढरं हलली म्हणून उठली, एवढंच तिचं नशीब. दादा कडबा झटकत बाहेर आला आणि लोकांनी त्याला हार घातला! त्यानं तो घेतला, सलामही केला. त्या बाईकडं एकानंही पाहिलं नाही.

पुढचं तर त्याहून मूर्खपणाचं. या गाडीचं रबर आमच्या दुकानात मिळत नव्हतं, म्हणून स्वारी ते आणायला सिकंदराबादला गेली, फुगलेलं जुनं रबर नमुना म्हणून रुमालात बांधून. मी म्हटलं, "दादा, ते फुगलंय, माप रबर बसतं त्या लोखंडाचं घे." "मला शिकवू नको." त्यानं त्या फुगलेल्या मापाचंच नवं कोरं रबर आणलं, ठोकून बसवलं आणि गाडी एक चक्कर मारून घरी येईपर्यंत ब्रेक आवळून चाकांतून धूर निघत होता. दोष कुणाचा? गाडी बनवणाऱ्या साहेबाचा. मग गाडी मोटारखान्यात पडली आणि दादा गेला तो न्यूमोनियानं, बिछान्यात. त्याचं नशीबही त्याच्यासारखंच लाडावलेलं.

"वसंता, ते तेल काढ," मी म्हटलं.

"बाबा इतकी वर्षं हेच घालत हुते की. काय झालं त्यांना?"

"त्यांना काही झालं नाही, हाच तर घोटाळा झाला."

"तुमाला बाबांचं कौतुकच न्हाई, आत्या."

"नाही. तू उद्या त्या पट्ट्याच्या टोकाला तुझ्या लेकरांना उभं करशील?"

त्यानं तेल काढलं नाही. गॉगल मात्र पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता अभिषेकाला देवळात गेला, तशी मी पाना घेऊन मोटारखान्यात शिरले. ब्रेकचा मुख्य सिलिंडर सोडवला, करडईचं तेल मातीत ओतलं, लोखंड सोड्याच्या पाण्यानं धुऊन पिशवीत घातलं. लोखंड फुगत नाही. नवं रबर त्याच्यात बसवून बघूनच घेणार होते आणि ब्रेकच्या तेलाचा सीलबंद डबा. तोवर आज पटावर गाडी निघणार नव्हती. दारात वहिनी उभी. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"वन्सं, परभणीला निघालात?"

"सिकंदराबादला."

ती आत गेली, उकडलेली रताळी फडक्यात बांधून आणली आणि पिशवीत त्या लोखंडावर नीट झाकून ठेवली. "उशीर करू नका," म्हणाली, "तो यील आता." मी स्टेशनचा रस्ता धरला.