पिल्लीची डावी बाजू

गेल्या चाळीस वर्षांत सोलापुरात जेवढ्या चादरी विणल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्या चादरींवरचे मोर माझे आहेत. उरलेल्या निम्म्यांवरचेही माझेच, पण ते चोरलेले. यात कुणाला अतिशयोक्ती वाटली तर त्यानं खुशाल आमच्या घरी येऊन खात्री करून घ्यावी. फक्त मी घरात असताना यावं. आमची ही एकटी असली की खरं सांगून टाकते.

चादरीचं डिझाइन काढणं हा माझा धंदा. ग्राफच्या कागदावर मुंगीच्या डोळ्याएवढ्या चौकटी, त्या एकेक रंगवायच्या. त्यांवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवले की मागाला कळतं, कुठला दोरा उचलायचा आणि कुठला सोडायचा. यातली एक गोम आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तिच्यापायीच माझं नाक कापलं गेलं. आम्ही अख्खी चादर कधीच काढत नाही. अर्धी काढायची, दुसरी अर्धी माग आरशासारखी पलटून विणतो. उजवीकडचा मोर मी काढला की डावीकडचा फुकट. चाळीस वर्षं मी जगाची एकच बाजू काढली आणि दुसरी आपोआप येईल म्हणून निवांत बसलो. ही म्हणते, घरातही माझं तेच चालतं.

निवृत्त झालो आणि मुलीनं टॅब आणून दिला. "बाबा, यात चौकटी नाहीत, कसंही काढा," म्हणाली. चौकटी नाहीत म्हटल्यावर मला आठ दिवस घेरी येत होती. मग धीर करून समोरच्यांच्या कुत्र्याचा फोटो घेतला आणि त्यावरून चित्र रंगवायला बसलो. टॅबमधले तयार ब्रश बहुधा परदेशी कुत्र्यांसाठी केलेले असावेत. त्यांनी आमच्या गल्लीतलं कुत्रं रंगवलं की ते नुकतंच शाम्पू लावून, केस फुगवून आल्यासारखं दिसायचं. मालक म्हणाले, "चित्र झकास आहे, पण हा कोण?"

तेव्हा मी स्वतःचे ब्रश करायला लागलो. त्यात फार मोठं शास्त्र नाही. कशाचाही फोटो काढायचा, तो काळा-पांढरा करायचा आणि टॅबला सांगायचं, हा तुझा शिक्का. मग पेन ओढलं की तो शिक्का हजार वेळा उमटत जातो. दाबलं की दाट, हलकं धरलं की विरळ. एवढं कळल्यावर घरातली एकही वस्तू माझ्या तावडीतून सुटली नाही. चादरीच्या दशांपासून झुपकेदार शेपटीचा ब्रश केला. कडक भाकरीवरच्या करपलेल्या ठिपक्यांपासून ठिपक्यांच्या शेळीचा. शेंगाचटणी वर्तमानपत्रावर पसरून तिचा फोटो घेतला, तर तांबड्या कुत्र्याची पाठ अशी काही उतरली, की चित्र बघून मालकाला भूक लागली. शेळीला तिचंच चित्र दाखवलं, तेव्हा तिनं टॅब चाटला आणि जिभेनं पडद्यावर एक फराटा ओढला. तो मी आजतागायत पुसलेला नाही. माझ्या सगळ्या फराट्यांत तोच बरा आहे.

अशी कीर्ती पार दुधनी गावापर्यंत पोहोचली होती (असं मीच दुधनीत सांगून आलो होतो), तेव्हा एप्रिलातल्या एका दुपारी मामा आले.

मामा म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातले जुने विणकर. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. आठ मागांचा छोटा कारखाना. माझ्या डिझाइनचे पुठ्ठे त्यांनी आयुष्यभर मागावर चढवले आणि एक चौकट चुकली तरी सायकल मारत येऊन मला शिव्या घातल्या. त्या दिवशी मात्र टोपी हातात घेऊन दारात उभे.

"मास्तर, कुत्री-मांजरं काढताय म्हणं."

"काढतो की मामा. वाघ आणा, वाघ काढतो. फक्त त्याला उंबऱ्याच्या बाहेर बांधा."

"वाघ न्हाय. पिल्ली हाय."

तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात. मामांनी तिला वेगळं नाव ठेवायचे कष्ट घेतले नव्हते. सुताला खळ लावलेली असते, ती खळ खायला उंदीर येतात, म्हणून ही कारखान्यात आली आणि नऊ वर्षं मामांच्या मागाखाली राहिली. त्यांनी फोन पुढं केला. फोटो एकच, मुलानं कधीतरी घाईत काढलेला. त्यात मागाचा भलाथोरला लोखंडी खांब आणि खांबाआडून डोकावणारा पांढरा बोळा. उजवा कान, उजवा डोळा, निम्मं नाक. डावी बाजू खांबामागं.

"पांढरी होती?" मी विचारलं.

"कापूस बसलेला हाय तो. कारखान्यात उडतोय की दिसभर. माझ्या भुवयासुदिक पांढऱ्याच असायच्या."

"मग आतनं रंग कुठला?"

मामांनी अंगठ्यानं फोनची काच पुसून बघितली. "रंग कवा बघितलाच न्हाय की."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग सांगायला लागले. दोन महिन्यांपूर्वी माग भंगारात गेले. आठही. माग थांबले त्या दिवशी पिल्लीची झोप उडाली. जन्मभर ती त्या खडखडाटात झोपलेली. शांततेत तिला झोप येईना. तीन दिवस रिकाम्या फरशीवर डोळे टक्क उघडे ठेवून बसली आणि चौथ्या दिवशी पत्र्यावरून निघून गेली. मामांनी वीस दिवस हुडकली. दूध घेऊन गल्लोगल्ली फिरले, लोक हसले.

"आता शुक्रवारी पोराकडं चाललो, पुण्याला. कायमचं. तितं माग न्हाय, कापूस न्हाय, कायच न्हाय. हितं असताना डोळं मिटलं तर तिचं निम्मं तोंड दिसतंय, निम्मं दिसंना झालंय. तितं गेल्यावर समदंच जाईल, मास्तर. जायच्या आत काढून द्या. पण तीच पायजे."

"तीच म्हणजे काय, परत येऊन टॅबवर बसेल," मी म्हणालो. माझी जीभ माझ्या हातापेक्षा नेहमीच चार पावलं पुढं असते.

सोमवारी बसलो. वातीच्या कापसाचा फोटो काढून मऊ पांढरा ब्रश केला आणि उजवी बाजू अशी रंगवली, की बघून उंदरांनी गल्ली सोडावी. मग डावी. आता फोटोत डावी नाहीच म्हटल्यावर माझ्यातल्या चाळीस वर्षांच्या डिझाइनरनं एक क्षणही विचार केला नाही. उजवी उचलली, पलटली, शेजारी चिकटवली. एक बटण. मांजर पूर्ण.

ही चहा घेऊन आली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "मांजर आहे का रांगोळी?"

"तुला कलेतलं काय कळतंय?"

"मिशा मोजून दोन्हीकडं सारख्या. असलं मांजर सत्यनारायणाला मांडतात."

मंगळवारी मामा आले. टॅब हातात घेतला. मग अंगठ्याचं नख कपाळावर, बरोबर दोन कानांच्या मधोमध टेकवलं आणि नाकावरून हनुवटीपर्यंत सरळ खाली ओढत नेलं. जिथं मी दोन बाजू जोडल्या होत्या, तिथून. केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

"हितनं पलटी मारलाय."

मला घाम फुटला. एप्रिल असल्यानं तो दिसला नाही, हे नशीब.

"चादरीवर मोर पलटतोय, मास्तर," ते हळू म्हणाले. "जित्ता जीव न्हाय पलटत. ही पिल्ली न्हाय." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टॅब दोन्ही हातांनी परत दिला आणि टोपी उचलली.

त्यांना थांबवलं ते हिनं. "मामा, तिची काहीतरी खूण असेल की तुमच्याकडं. तिची वाटी, तिचं फडकं?"

मामांनी टोपी डोक्यावर चढवली. म्हणाले, "उद्या येतो."

बुधवारी ते आले ते वर्तमानपत्राची घडी घेऊन. घडीत जाजमाच्या तुकड्यासारखं काहीतरी होतं, मळकं पांढरं, हातभर रुंद. पिल्ली मागाखाली जिथं झोपायची, तिथं नऊ वर्षं कापूस उडत राहिला, ती त्यावर झोपत राहिली आणि कापूस दबून-दबून त्याचं अंथरूण झालं होतं. भंगारवाल्यांनी माग उचलला तेव्हा ते फरशीला चिकटून राहिलेलं. मधोमध एक खळगा. त्यात कुणीतरी अंग मुडपून झोपलंय, हे सांगावं लागत नव्हतं.

मी ते अंगणात उन्हात ठेवून फोटो काढायला वाकलो, आणि थबकलो. पांढऱ्या तंतूंत केस अडकलेले होते. शेकडो. घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या घागरीसारखे झळकत होते, आणि टोकाला काळे.

"मामा, हिकडं या."

मामा उकिडवे बसले. एक केस चिमटीत धरला, उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला. ज्या बोटांनी आयुष्यभर तुटलेला दोरा एका श्वासात सांधला, त्याच बोटांनी तो केस उलटसुलट करून बघितला.

"लाल होती व्हय गं तू?" ते म्हणाले. "नऊ वर्षं, आणि मला सांगितलं न्हाय?"

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्यात, की खरी गोष्ट समोर आली की मला तिचं काय करावं कळत नाही. मी त्या अंथरुणाचा ब्रश केला. तोच शिक्का, तेच तंतू, तेच केस. खाली तांबूस रंग दिला, वरून नवा ब्रश हलक्या हातानं ओढला. मी काढत नव्हतो. कापूस आपसूक बसत होता, जसा कारखान्यात बसायचा, आणि जिथं पेन जरा कमी दाबलं जाई तिथं खालून लाल झाक मारत होती. शेंगाचटणी, भाकरी, दशा, सगळी माझी करामत त्यापुढं पोरखेळ वाटली.

उरली डावी बाजू.

"सांगा मामा, कशी होती?"

"म्हंजे... अशीच की. पण तशी न्हाय."

"कान?"

"कान हुता."

शब्दांनी काही होईना. आणि मग मला आठवलं, ही माणसं कारखान्यात कुठं बोलतात? आठ मागांच्या खडखडाटात तोफ डागली तरी ऐकू येत नाही. विणकर हातानं, डोळ्यानं, तोंडानं बोलतात; चहा, दोऱ्याची कांडी संपली, मालक आला, सगळं खुणेनं. मी जिन्याखालचं पाणी चढवायचं जुनं मशीन चालू केलं. ते नुसतं पाणी चढवत नाही, अख्खी गल्ली हादरवतं. ही कानात बोटं घालून ओरडली, "वेड लागलंय का?" पण ते तिच्या ओठांवरून कळलं, कानाला काही नाही.

मामांच्या खांद्यांचा ताण उतरला. त्या आवाजात ते घरी आल्यासारखे बसले. मी हातानं खूण केली, पिल्ली? आणि त्यांनी चेहऱ्यानं उत्तर दिलं.

डाव्या कानाचं टोक बोटानं दुमडलं आणि हातानं धोटा उडाल्याची खूण केली. मागावर दोरा इकडून तिकडं नेणारा धोटा सुटून लागला होता, तो हा कान. मग गाल जरा वर ओढला. मग डावा डोळा हळूहळू मिटला, पण पुरता नाही. फट ठेवून. आणि हनुवटी थोडी पुढं काढून तसेच राहिले, हलले नाहीत.

साहेब, माझ्यासमोर खुर्चीत सत्तरीचा माणूस नव्हता. पांढऱ्या भुवयांखाली पिल्ली बसली होती. नऊ वर्षं रोज बघितलेलं तोंड त्यांना सांगता येत नव्हतं, कारण ते त्यांच्याच चेहऱ्यात येऊन राहिलं होतं. माझ्या हातातलं पेन धावत सुटलं. एकही चौकट नाही, एकही पलटी नाही. कान तसा, गाल तसा, डोळा तसा. मी त्यांच्याकडं बघून मांजर काढत होतो.

मशीन बंद केलं. कान भणभणत होते.

"हा डोळा अर्धा का?" मी विचारलं. "झोपेत होती?"

"झोपेत कशाला? त्यात कापूस जायचा. मग माझ्यापुढं येऊन अशी बसायची, फुंकर मारीपर्यंत हलायची न्हाय. दिसातनं दहा येळा."

मी टॅब त्यांच्याकडं फिरवला.

मामांनी बघितलं. नख कपाळावर ठेवायला गेले आणि बोट मधेच थांबलं. जोड कुठंच नव्हता. मग टॅब दोन्ही हातांत उचलला, तोंडाजवळ नेला, आणि त्या अर्धमिटल्या डाव्या डोळ्यावर हळूच फुंकर मारली. सवयीनं. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही नसावं.

"हीच," ते म्हणाले. "हीच की."

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ते गेले. चित्र फोटोवाल्याकडून छापून आणलं होतं, ते त्यांनी चादरीत गुंडाळलं. चादरीवर मोर माझे, दोन्हीकडं एकसारखे. मामांनी गुंडाळताना मोराला एक टपली मारली आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

आता शेवटचं एक. मामांनी फुंकर मारली तेव्हा पिल्लीचा तो अर्धा डोळा उघडला. मी बघितला. शेळीनं टॅब चाटला ते सोडून द्या, माझी दुधनीची कीर्ती सोडून द्या, मोर तर निम्मेही माझे नाहीत. पण हे खात्री करून घ्यायला जरूर या. मी घरात नसताना या आणि हिला विचारा. त्या दिवशी मी हिच्याकडं वळून बघितलं, तेव्हा माझी प्रत्येक गोष्ट खोडून काढणारी ही बाई चहाची किटली हातात धरून तशीच उभी होती, आणि बऱ्याच वेळानं तिनं नुसती मान हलवली होती. हो म्हणून.