कानशिलावरची तपासणी

मोठीमाय मोठेबाबांच्या उजव्या हाताला कधी बसली नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठीमाय त्यांची बायको. मलाजखंडच्या खाणीत ते सुरुंग लावायचे. निवृत्त होऊन किरनापुरात आले, पण हाताचा जोर तसाच राहिला. भाजीत मीठ जास्त पडलं की ताट भिंतीवर आणि हात मोठीमायच्या कानशिलावर. तिचा डावा कान त्यातच गेला. "बरंच झालं," ती म्हणायची, "शिव्या अर्ध्याच ऐकू येते."

घरातल्या प्रत्येक भांड्याचा पोचा तिला पाठ होता. हा भाताचा गंज लग्नाच्या वर्षी पाठीत बसला, ही परात थोरलीच्या बारशाला. घासता घासता ती हे सांगायची, नातवंडांची वयं सांगावीत तसं.

मग त्या हाताला कंप सुटला. चाल मंदावली, चेहरा लाकडासारखा झाला. एकदा उगारलेली थप्पड तिच्या खांद्याला घासून खाली पडली. मोठीमाय हसली नाही. भीतीने अर्ध्या भाकरीवर उठायची सवय तेवढी तिने सोडली.

दोघांच्या औषधांची यादी माझ्याकडे असायची, म्हणून बालाघाटला महिन्यातून एकदा येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं. पार्किन्सन वाटतो, पण कानशिलावरून मेंदूची सोनोग्राफी करून पाहू, असं ते म्हणाले. सोनोग्राफी ऐकून मोठेबाबा भडकले. ती गरोदर बायांची तपासणी. बाहेर बसलेल्या एकाने कितवा महिना म्हणून विचारलं, तर डाव्या हाताने त्याची मान धरून त्याला भिंतीवर आपटलं. आत गार जेल लागताच त्यांनी डॉक्टरांच्या पोटात लाथ घातली. तेव्हा मोठीमाय उठली आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांत आवळून धरलं.

"हालू नका. मी हालली का कधी?"

पडद्यावर फुलपाखरासारखी काळी आकृती दिसली. पार्किन्सनमध्ये तिथे बहुधा पांढरा डाग चमकतो. इथे नव्हता. एवढ्यावरून ठरत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी माझी यादी मागितली आणि चकरेच्या गोळीवर बोट ठेवलं. ती पंधरा दिवसांपुरतीच लिहून दिलेली होती. मी तीन वर्षं दर महिन्याला नव्या पानावर उतरवत आले होते. कंप त्या गोळीमुळेच असेल. बंद केली तर हात काही महिन्यांत सुधारेल, असं ते म्हणाले.

परतताना मोठीमाय माझ्या कानाशी आली.

"बाई, ते गोळी राहू दे ना यादीत."

"काहून?"

"तीन सालापासून पोटभर जेवून राह्यली मी."

मी गोळी खोडली. माणसाला जाणूनबुजून आजारी ठेवणं मला जमलं नसतं. त्याच पानावर खाली लिहिलं: दोन लुगडी, आधार कार्ड, चष्मा, माझ्या घराची किल्ली. हात उठला की निघायचं, असं तिला बजावलं.

चार महिन्यांनी ती दारात उभी राहिली. ओठ फुटलेला, दात पदराच्या गाठीत.

"बरे झाले ते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा आले आणि तिचे केस धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढलं. मी वरवंटा उचलला. तिने मला हातानेच थांबवलं.

"मारा. आता पाणी आपल्या हातानं पिता तुम्ही. मी येत नाही."

त्यांनी दोनदा मारलं. तिसऱ्यांदा मी मध्ये पडले, तेव्हा माझ्या मनगटाचं हाड मोडलं. ती गेली नाही.

पाच वर्षं ती माझ्याकडे होती. गेल्या वर्षी वारली. गोळी खोडल्याचा राग आला होता का, असं मी तिला एकदाच विचारलं होतं.

"नाही वं," ती म्हणाली. "थरथरत्या माणसाले सोडून मले येता आलं नसतं."