साल्हेरवर न हललेली माणसं

माझा थोरला भाऊ ओझरच्या विमान कारखान्यात होता. तिथली मुदत संपवून मायदेशी निघालेल्या एका रशियन इंजिनिअरने जाताना आपलं सामान विकून टाकलं, त्यात दादाने एक मूव्ही कॅमेरा घेतला. आठ मिलिमीटरच्या फिल्मचा, किल्ली देऊन चालणारा, आणि हातात धरला की वजनदार कुलपासारखा. दादाला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं, म्हणून तो माझ्याकडे आला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, एका सरकारी कचेरीत कारकून. वाचनालयात येणाऱ्या इंग्रजी मासिकांतून सिनेमावरचे दोन-तीन लेख वाचलेले. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला दिग्दर्शक समजायला लागलो.

एकोणऐंशीचा डिसेंबर असावा. दादाच्या खात्यातल्या चौघांनी साल्हेरला जायचं ठरवलं, आणि वहिनी म्हणाल्या, मीही येणार. वहिनींचं माहेर बागलाणात, साल्हेरच्या पायथ्याकडचं एक गाव. दारात उभं राहिलं की समोर तो डोंगर. त्यांचे वडील, आप्पा, तरुणपणी दरवर्षी वर परशुरामाच्या दर्शनाला जायचे. लग्नाआधी एकदा तुलाही नेईन असं लेकीला सांगत राहिले आणि ते राहूनच गेलं. आता डोंगर उतरून संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे मुक्कामाला जायचं, असं पत्राने कळवून झालं होतं.

तीन रिळं मी जपून नेली होती. एक रीळ तीन-सव्वातीन मिनिटांचं, त्यामुळे एकेक सेकंद खर्चायचं जिवावर यायचं. आणि हा सगळा ऐवज मंडळींनी माझ्या डोळ्यांदेखत वाया घालवला. कॅमेरा डोळ्याला लावला रे लावला की माणसं जागच्या जागी थिजायची. हात सरळ खाली, हनुवटी वर, श्वास रोखलेला. फोटो स्टुडिओत ‘हलू नका’ ऐकून ऐकून अंगात मुरलेली शिस्त. किल्ली कुरकुरत संपायची तरी ही मंडळी सावधानमध्ये. एकाने तर घाईघाईने केसांवरून कंगवा फिरवला, कंगवा खिशात ठेवला आणि मग पुतळा झाला. कंगवा फिरवत होता तेवढाच खरा सिनेमा, आणि तेव्हा माझी किल्ली दिलेली नव्हती. मी ओरडून सांगायचो, अहो हला, चाला, एकमेकांशी बोला, हा मूव्ही आहे. ते ओठ न हलवता विचारायचे, काढला का?

वहिनी तर सगळ्यांवर कडी. वाटेत दोनदा आणि अगदी माथ्यावर परशुरामाच्या पादुकांपाशी एकदा, असं तीनदा त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पापणीही हलवली नाही. माथ्यावर माझा संयम संपला. म्हटलं, वहिनी, निदान चार पावलं चाला, पदर सावरा, काहीतरी करा. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे आप्पांना दाखवाल ना कधीतरी? त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. मी हलले तर त्यांना सापडायची नाही.” मी बरं म्हटलं आणि किल्ली दिली. खरं सांगायचं तर माझं लक्ष पश्चिमेला होतं, कारण मला सूर्यास्त हवा होता.

त्या सूर्यास्तापायी मी सगळ्यांना वर बसवून ठेवलं. आता निघू म्हणत म्हणत अंधार पडला, त्या वाटेने अंधारात उतरायची कुणाची छाती होईना, आणि रात्र माथ्यावरच्या गुहेत काढावी लागली. सकाळी खाली आलो तर दादाची दुसरी पाळी होती. नाशिकची एसटी समोर उभी होती आणि वहिनींचं माहेर उलट्या दिशेला दोन-तीन कोस. आम्ही एसटीत चढलो. वहिनी खिडकीशी बसून ताहाराबाद येईपर्यंत मागे पडणाऱ्या डोंगराकडे बघत होत्या. मी मात्र सूर्यास्ताच्या तंद्रीत होतो. तो सूर्यास्त पुढे धुऊन आला तेव्हा काळ्या पडद्यावर एक नारिंगी ठिपका निघाला.

आठवड्याने वहिनींच्या भावाचं पत्र आलं. त्या संध्याकाळी घरी आम्हा सात जणांसाठी पुरणाचे मांडे केले होते. आप्पा दिवेलागणीपासून ओट्यावर बसून होते. डोंगरावर यायला लेकीला सवड झाली, बापाच्या दारात यायला झाली नाही, एवढंच ते बोलले आणि तेव्हापासून तिचं नाव काढत नाहीत, असं भावाने लिहिलं होतं. वहिनींनी पत्र वाचून त्याची घडी केली आणि ते फळीवरच्या डब्याखाली ठेवलं. चूक कोणाची हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मला कोणी काही म्हटलं नाही याचा मला जास्त त्रास झाला.

फिल्म मुंबईहून धुऊन यायला जानेवारी संपला. रविवार कारंजाजवळ एक फोटो स्टुडिओ होता, त्याच्या मालकाकडे प्रोजेक्टर आणि फिल्म कापून जोडायचं छोटं यंत्र होतं. रोज कचेरी सुटली की मी तिथे मागच्या खोलीत जाऊन बसायचो. दोरीला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना लटकलेले फिल्मचे तुकडे, हाताने फिरवायचा व्ह्यूअर, त्याच्या नखाएवढ्या काचेत चालणारा साल्हेर. इतका आनंद मला त्या आधी कुठल्या कामात झाला नव्हता आणि पुढेही फारसा झाला नाही. कड्यावरचे ढग, मग पायऱ्या, मग कोणाचे तरी चढणारे पाय, मग पुन्हा कडा. जे हलत नव्हतं ते मी कापलं. सगळे पुतळे एकजात बाद केले, त्यात वहिनींचे तिन्ही तुकडे गेले. सात मिनिटांची फिल्म उरली, आणि ती बघून स्टुडिओचा मालक म्हणाला की थेट सरकारी माहितीपटासारखी झालीय. मी ती स्तुती समजलो.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. वहिनींना दिवस गेले. त्याआधी दोनदा अपेशच आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही अशी ताकीद दिली. आणि तिकडे आप्पा माळ्यावरून पडले, खुबा मोडला. वहिनींनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, मला जाता येत नाही, त्यांना येता येत नाही, तुमची फिल्म तेवढी जाऊ शकते. घरी आले नाही, पण वर त्यांच्यासाठी उभी होते, हे त्यांना दिसलं की राग जाईल.

त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. फिल्म जोडून तयार होती, तिला एक लय आली होती, ती उसवायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय वहिनी होत्याच की फिल्ममध्ये. पाठमोऱ्या, पायऱ्या चढताना, चारेक सेकंद. लेक बापाला पाठीवरूनही ओळखू येते, अशी मी माझी समजूत घातली. प्रोजेक्टर दोनच दिवसांसाठी मिळाला होता, म्हणून तो स्टुडिओतून परस्पर घेऊन रविवारी सकाळी सटाण्याची गाडी पकडली.

वहिनींच्या घरी मला पाहुण्यासारखं वागवलं, यानेच मी अर्धा मेलो. भर दुपार होती. भावाने खिडक्या लावल्या, दारावर घोंगडी टांगली, भिंतीवर पांढरं धोतर ताणून बसवलं. आप्पा खाटेवर उशांना टेकून होते. लेकीने काहीतरी पाठवलंय एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि एवढ्यावर त्यांनी दाढी करून घेतली होती. मी प्रोजेक्टर सुरू केला. धोतरावर साल्हेर उभा राहिला, त्यावरून ढग सरकले. घरातली बाकी मंडळी वा वा करत होती. आप्पा मान पुढे काढून, डोळे बारीक करून सगळी सात मिनिटं बघत होते. पाठमोऱ्या वहिनी आल्या आणि गेल्या. फिल्म संपली, घोंगडी काढली, तरी ते धोतराकडेच बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

“डोंगर तं मी रोज देखस. मनी आंडेर कोठे शे?”

डोंगर तर त्यांच्या दारात होता. लेक कुठे आहे, असं ते विचारत होते. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते खरोखरच विचारत होते, आपल्या डोळ्यांना दिसली नाही की काय, या काळजीने. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी पुटपुटलो, यंत्रात बिघाड झाला, पुढचा भाग राहिला. म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोललो, आणि तेही त्याच्या घरची भाकरी खाऊन.

नाशिकला आलो तेव्हा वहिनी वाटच बघत होत्या. काय म्हणाले, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, कापलेल्या तुकड्यांसकट. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी कोणालाच पाहिलं नाही.” मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत जातो.

तो आठवडा मी माझी फिल्म उसवत बसलो. कडे काढले, ढग काढले, चढणारे पाय काढले. लयीचं नाव काढलं नाही. टाकाऊ तुकड्यांच्या खोक्यातून वहिनी शोधून काढल्या, एकेक तुकडा मऊ कापडाने पुसला आणि तिन्ही एकापुढे एक जोडले. जेमतेम अर्धा मिनिट भरलं. व्ह्यूअरच्या काचेत पहिल्यांदाच मी त्या अर्ध्या मिनिटाकडे नीट बघितलं. वहिनींचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. नाकावर घाम होता. वारा पदर ओढत होता आणि त्यांनी तो बोटांनी घट्ट धरून ठेवला होता, हलू नये म्हणून. हे हलणं नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणत होतो, मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच घर, तेच धोतर. या वेळी भावाने आणि मी मिळून आप्पांची खाट भिंतीच्या अगदी जवळ सरकवली. मी म्हटलं, आप्पा, मागच्या वेळी राहिलेलं आणलंय. घोंगडी पडली, दिवा लागला आणि वहिनी धोतरावर आल्या. पूर्ण उंचीच्या, समोर बघत असलेल्या. आप्पांनी हात वर केला. आधी वाटलं, थांब म्हणतायत. फिल्म थांबवता येत नाही, दिव्याच्या उष्णतेने जळते, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तो हात माझ्यासाठी नव्हता, धोतरावरच्या लेकीसाठी होता. तिन्ही तुकडे होईस्तोवर त्यांचा हात तसाच वर होता. अर्धा मिनिट संपलं, मी रीळ उलटं फिरवून पुन्हा लावलं. मग पुन्हा. खोलीत नुसती प्रोजेक्टरची घरघर होती. किती वेळा लावलं ते आठवत नाही, पण चौथ्या की पाचव्या वेळी ते धोतराकडे बघत बोलले, अगदी घरात कोणी समोर उभं असावं तसं.

“बठ ना माय. किती येळची उभी शे, थकी गयी व्हशी.”

वहिनींच्या भावाने तोंड फिरवलं. मला प्रोजेक्टरचं बटण सापडेना, रीळ सुटलं आणि नुसता पांढरा उजेड धोतरावर पडला. त्या डोंगरावर दिवसभर मी वहिनींना चाला म्हणालो होतो, हला म्हणालो होतो, वळा म्हणालो होतो. दमला असाल, घटकाभर बसा, असं माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.