माशीच्या श्वासनळ्या आणि आमचं लेकरू

मेहकरच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायला लागण्याआधी मी पाच वर्षं पुण्यात फळमाश्यांची अंडी बघत होते. पिकलेल्या केळ्यावर घोंघावते ना, ती बारीक माशी. तिला फुप्फुसं नसतात. अंगभर नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून हवा थेट जागोजाग पोचते. अंडं घातल्यापासून साधारण एका दिवसात अळी बाहेर येते, आणि तेवढ्यात हे जाळं तयार झालेलं असतं. ते कसं होतं, एखादं जनुक बिघडलं तर कुठे अडतं, हा माझा विषय. चिखलीजवळ उंद्रीला आमच्या घरी गेले की आई शेजारणीला सांगायची, "आमची पोरगी माश्या पाहाले पुण्याले गेली व. इथं काय कमी होत्या?"

मग धाकट्या भावाच्या बायकोला मुलगी झाली. चिखलीच्या दवाखान्यात, दिवस भरून, काही त्रास न होता. पहिल्यांदा पाजलं तेव्हा लेकराच्या तोंडाला फेस आला, ते खोकलं आणि निळं पडलं. डॉक्टरांनी तोंडातून बारीक नळी घालून पाहिली, ती पोटापर्यंत जाईना. अन्ननलिका वरून येऊन मध्येच बंद झाली होती आणि तिचा खालचा तुकडा श्वासनळीला जोडलेला होता. लगेच संभाजीनगरला न्यायला सांगितलं. भाऊ लेकराबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसला, आई आणि मी मागून गाडीने.

दुसऱ्या दिवशी भावजयही आली, बाळंतीण असून, कोणाचं न ऐकता. लेकरू काचेपलीकडे होतं. ऑपरेशन त्याच दुपारी ठरलं होतं. ती दूध काढून द्यायला आतल्या खोलीत गेली तेव्हा आईने मला विचारलं, "एवढी शिकली तू. सांग, हे काऊन झालं?"

त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. विचारणारी आई होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या विषयाचं विचारत होती. मी वर्गात सांगते तशी सुरू झाले. शरीरात कुठली नळी कुठे फुटायची हे जनुकं ठरवतात. माशीत एक जनुक असं आहे की ते नसलं तर श्वासनळ्या बनतच नाहीत. अशी जनुकं आईबापाकडून येतात. आईने त्यातलं एवढंच उचललं.

"म्हंजे रक्तातूनच आलं," ती म्हणाली. "सुनेच्या मावशीचं लेकरूही असंच गेलं होतं. मले आधीच वाटलं होतं."

भावजय दारात उभी होती. दूध देऊन ती कधी परत आली ते आम्हाला कळलंच नव्हतं. ती येऊन बाकाच्या टोकाला बसली. भावाने आणलेला डबा तिने उघडला नाही. थोड्या वेळाने मान वर न करता तिने विचारलं, "ताई, माह्यामुळंच झालं का हे? तिसऱ्या महिन्यात मी सोयाबीन निंदायले गेली होती."

मी तिच्याजवळ बसले आणि या वेळी नीट सांगितलं. पोटातल्या गर्भात आधी एकच नळी असते, तिच्यातूनच अन्ननलिका आणि श्वासनळी वेगळ्या होतात. हे पहिल्या काही आठवड्यांत होतं, बाईला दिवस राहिल्याचं कळतं न कळतं तोवर. "तू निंदायले गेली तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं."

मग मी माश्यांचं सांगितलं, आईलाही ऐकू जाईल असं. माशीच्या भ्रूणात दोन्ही बाजूंना दहा-दहा ठिकाणी थोड्या पेशी आत शिरतात. एका जनुकाने त्यांना श्वासनळी व्हायला सांगितलेलं असतं. आसपासच्या काही पेशी एक रसायन सोडतात, त्यांचं जनुक वेगळं. ते रसायन ओळखायचं काम तिसऱ्या जनुकाचं. ओळखलं की पेशी त्या दिशेने सरकतात आणि फांदी फुटते. "पण सगळी जनुकं धड असलेल्या माश्यांतही," मी म्हणाले, "शेकडो अंड्यांत एखाद्यात एक फांदी चुकीच्या जागी जायची. आई तीच, बाप तोच, माश्या पाळायची बाटली तीच, खाणं तेच. मी महिनोन् महिने कारण शोधलं. नाही सापडलं. तुह्या लेकराचंही कारण मले माहीत नाही. डॉक्टरांनाही बहुतेक वेळा सापडत नाही. मघाशी मी माहीत असल्यासारखी बोलली, ते चुकलं."

आई बराच वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुह्या आधी मले एक पोरगं झालं होतं."

हे मला माहीत नव्हतं.

"तोंडाले फेस यायचा. तिसऱ्या दिवशी गेलं. सासू म्हणे, याच बाईत खोट आहे. म्हणून म्या कधी कोणाले सांगितलं नाही." ती भावजयीकडे वळली. "तुह्या मावशीचं नाव काढलं, कारण मले भेव वाटलं. माह्याकडूनच आलं असन तर?"

त्या पोराला नेमकं काय झालं होतं हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. तसं मी आईला सांगितलं. धीर द्यायला खोटं बोलावं असं वाटलं होतं, पण त्या दुपारी मी आधीच एकदा जास्त बोलले होते. भावजयीने डबा उघडला, एक भाकर मोडली आणि अर्धी आईपुढे धरली. "खा आत्या. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही."

ऑपरेशन चार तास चाललं. डॉक्टरांनी श्वासनळीला जोडलेला तुकडा सोडवून वरच्या टोकाला शिवला. मुलगी तीन आठवडे तिथेच होती. आई घरी यायला तयार होईना. भावजय आत गेली की ती बाहेर बाकावर बसायची आणि कोणी विचारलं की सांगायची, "नळ्या जुळल्या नव्हत्या. कोणाचा दोष नाही त्यात."

आता मुलगी अंगणवाडीत जाते. तिचा खोकला अजून भुंकल्यासारखा आहे आणि नवं माणूस दचकतं. घास बारीक करून द्यावा लागतो, घाई चालत नाही. परवा मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून पोळीचा एकेक तुकडा सावकाश चावत होती, आणि आई शेजारणीला माझ्या माश्यांच्या दहा-दहा जागा समजावून सांगत होती. एका बाजूच्या तिने बारा सांगितल्या. मी दुरुस्त केलं नाही.