आमच्या गल्लीचा हिरो

महिना होऊन गेला असेल. आबा आणि मी धुळ्याला नणंदेच्या वास्तुशांतीला गेलो होतो. पंगत बसली होती. तेवढ्यात जळगावहून माझ्या नवऱ्याचा फोन आला. "आबांना आत्ता सांगू नकोस... हिरो गेला." आबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताटावरून हात मागे घेतला. "कोन गेलं?" मी सांगितलं. "कसा?" आबा हात धुवायला उठले ते परत पंगतीत आलेच नाहीत.

आबा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंडक्टर होते, आणि मुक्कामाच्या गावी लागेल तो सिनेमा बघायचा, एवढंच त्यांचं व्यसन. हिरो आमचा कुत्रा. फैजपूरचं एक लग्न आटोपून आम्ही भाड्याच्या गाडीने परत येत होतो, तेव्हा नशिराबादजवळ हायवेच्या कडेला तो पडलेला दिसला. मागचा पाय पार चिरडलेला. ड्रायव्हर म्हणाला, "मेलाय तो, आबा." आबा तरी उतरले, वाकून बघितलं. "मरेल नही, जित्ता शे!" लग्नात मिळालेल्या कोऱ्या टॉवेलात त्यांनी त्याला गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. माझी साडी रक्ताने भिजत होती आणि आबा त्यांच्या अहिराणीत म्हणतात, "हिरोनी एन्ट्री अशीच ऱ्हास व माय." हिरोची एन्ट्री अशीच असते म्हणे.

पाय कापावा लागला. नाव मात्र तेच राहिलं. घरी कोणी आलं की आबा गंभीर चेहऱ्याने ओळख करून द्यायचे... याचा पहिला पिक्चर मारधाडीचा होता, त्यात पाय गेला. आता फक्त कौटुंबिक करतो. गल्लीत कोणाची चप्पल हरवली की म्हणायचे, खलनायकाचं कामही जमतं त्याला. हिरो मात्र तीन पायांवर उभा राहून पाहुण्यांकडे असा बघायचा, की जणू सही मागायला आलेत.

समोरच्या दिलीपभाऊंच्या मुलीच्या लग्नात तर त्याने कमालच केली. पाठवणीची वेळ होती. कॅमेरा सुरू होता, म्हणून जो तो रडत होता. त्यात हिरो लंगडत आला आणि नवरीच्या शालूच्या पदरावर जाऊन बसला. उठवला तर उठेना. मग मात्र ती पोरगी खरीखुरी रडली... तो व्हिडिओ दिलीपभाऊंनी स्वतः सगळ्यांना दाखवला. "आपल्या गल्लीचा हिरो," म्हणत.

पुढे हिरो म्हातारा झाला. कातडीचा रोग झाला, केस गळाले, अंगाला वास यायला लागला. गल्लीच्या ग्रुपवर दिलीपभाऊंचाच मेसेज आला, 'त्या कुत्र्याचा बंदोबस्त करा, पोरंबाळं खेळतात.' खाली अंगठ्यांची रांग लागली. आबा हसले. "म्हातारा हिरोले कोन काम देस?" पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. औषध सुरू होतं, आणि पाठीवर नवे केस फुटायला लागले होते. ते कोणी पाहिलं नाही.

आम्ही धुळ्याहून परतलो. विष होतं, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. आमच्या फाटकाशी दूधभाताची स्टीलची वाटी पडलेली होती. वाटीवर नवरा-नवरीची नावं कोरलेली, दिलीपभाऊंच्या मुलीच्या लग्नातली. पण तशी वाटी त्यांनी घरोघर वाटली होती. आमचीही फडताळात होती. माझा नवरा म्हणाला, "विचारणार कोणाला? इथंच राहायचंय आपल्याला."

आबांनी ऐकलं नाही. वाटी घासली, पुसली आणि घेऊन निघाले. मी मागे. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "वाटी तुमनी शे का?" जो तो म्हणाला, "नाही आबा, आमची घरात आहे." आत जाऊन कोणीच बघितलं नाही. दिलीपभाऊंनी तर आबांचा हात धरला. "लई वाईट झालं हो. जीव लावणारं जनावर होतं." आबांनी हात सोडवून घेतला आणि पुढच्या दाराकडे वळले. संध्याकाळी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, आणि त्यांच्यासोबत तो पाठवणीचा व्हिडिओ. एकाने लिहिलं, 'असा हिरो पुन्हा होणे नाही.'

उन्हाळ्यात हिरो गाड्यांखाली सावलीला झोपायचा. त्यामुळे गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर थाप मारायची, अशी गल्लीत सगळ्यांनाच सवय लागली होती. ती अजून गेलेली नाही. सकाळी कामाला निघताना एकेक जण थाप मारतो, क्षणभर थांबतो, मग गाडी काढतो. आबा ओट्यावर चहा घेऊन बसलेले असतात. प्रत्येक थापेला ते मान वर करतात आणि गाडीत कोण आहे ते बघतात... गाडीखाली आता हिरो नाही, हे यातल्या एकाला आमच्याही आधी ठाऊक होतं.